कुत्रीचं कृत्रिम रेतन: दिवस कसा ठरवायचा?

सुरतेत उधना-लिंबायतकडच्या मराठी घरांत कुत्री पाळणारे पुष्कळ आहेत. कुत्रीला पिल्लं राहत नाहीत, तेव्हा अनेकदा दिवस धरण्यातच चूक झालेली असते. रक्तस्राव दिसला म्हणजे माज सुरू झाला. पण बीजांडं सुटतात बऱ्याच दिवसांनी, आणि सुटल्यावरही पक्व व्हायला २-३ दिवस घेतात. गोठवलेलं वीर्य तर वितळवून कुत्रीच्या शरीरात सोडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं. म्हणून पशुवैद्यांकडून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासूनच दिवस ठरवावा. कृत्रिम रेतन तसं जुनंच: इटलीचे शास्त्रज्ञ स्पालानझानी यांनी अठराव्या शतकात अंगाच्या उबेइतक्या कोमट पिचकारीनं एका कुत्रीचं रेतन केलं. ६२ दिवसांनी ३ पिल्लं झाली! मात्र दिवस साधला तरी भारतात २०१७च्या श्वान पैदास नियमांनुसार दीड वर्षाआधी आणि आठ वर्षांनंतर कुत्रीकडून पैदास करता येत नाही. हौसेपायी तिचं वय विसरू नका.