इंजिनाचा संगणक आणि न लागणारा दिवा

(परंडा तालुक्यातील सोनारी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व वाहनधारक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काळभैरवनाथाच्या या गावी मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्यास एक माहिती अधिकारी, तोही कलाशाखेचा पदवीधर, उभा राहावा याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाची शिकवणी मी स्वतःच्या खिशातून भरली आहे. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेली पेट्रोल मोटार घेतली. चालत असताना तिच्या समोरच्या फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा कधीच लागला नाही, आणि हेच मी तिच्या उत्तम प्रकृतीचे लक्षण मानले. पुढे ती चढावर दम टाकू लागली, पेट्रोलही अधिक पिऊ लागली. उघडून पाहता आढळले, की पूर्वी कोणीतरी तिचा मूळ संगणक काढून त्याच बनावटीच्या आधीच्या पिढीतील गाडीचा संगणक बसविला होता. बिघाड होता, तो ओळखणारा जागेवर नव्हता.

मिस्त्री लोक जिला ‘ईसीएम’ म्हणतात ती ही पेटी. हवा किती आली, इंजिन किती तापले, जळून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला, हे सेन्सरांकडून जाणून ती इंधनाचे माप व ठिणगीची वेळ ठरविते. हे तिचे पहिले काम. दुसरे काम म्हणजे सर्व यंत्रणेवर पहारा ठेवून बिघाडाची सांकेतिक नोंद करणे. यास ‘ओबीडी’ अशी संज्ञा आहे. आपल्या देशात भारत स्टेज चार मानकाच्या मोटारींना एप्रिल २०१० पासून या पहाऱ्याचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. पहिल्याची दृष्टी मुख्यतः तार तुटली आहे काय, सेन्सर जोडलेला आहे काय, एवढ्यापुरती. दुसरा पुढे जाऊन विचारतो, की जोडलेला भाग आपले काम खरोखर करीत आहे काय. विषारी वायूंचे शमन करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक व नंतर एक, असे प्राणवायूचे दोन सेन्सर तो ताडून पाहतो. दोहोंचे संकेत सारखेच वरखाली होऊ लागले, की कन्व्हर्टर निकामी झाल्याचे त्यास उमगते. एखाद्या सिलिंडरातील ज्वलन हुकले, तर क्रँकच्या गतीतील सूक्ष्म हिसक्यावरून तेही त्यास कळते. शिक्षकांच्या भाषेत सांगावयाचे तर पहिला हजेरी घेतो, दुसरा वहीही तपासतो.

ज्वलन हुकले म्हणजे न जळलेले पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतील मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळते. माझ्या गाडीत नेमके हेच घडले होते. जुन्या संगणकास त्याचा पत्ताही नव्हता.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना दुसऱ्या पिढीचा ओबीडी सक्तीचा झाला. तेथील काही हौशी मंडळी होंडाच्या त्यानंतरच्या गाड्यांत १९९२ ते १९९५ मधील संगणक खास जोडतारा वापरून बसवीत. कारण जुन्या संगणकात आपल्या मनाजोगे इंधनाचे माप भरलेली चिप घालता येई. शर्यतीच्या मैदानावर ते शोभले. ओबीडीची तपासणी असलेल्या राज्यांत मात्र तपासनिसाच्या यंत्राला अशी गाडी उत्तरच देत नसे.

आपल्याकडील कारण हौस नव्हे, पैसा आहे. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज चार प्रथम १३ शहरांत आले. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपले शेजारचे सोलापूरही होते. ते देशभर लागू व्हावयास १ एप्रिल २०१७ उजाडला. परिणामी एकाच नावाच्या, एकाच रूपाच्या, परंतु निरनिराळ्या मेंदूंच्या गाड्या बार्शी-परंडा रस्त्यावर शेजारी शेजारी धावू लागल्या. भंगारातील पेटी तशीच दिसते, कधी जोडणीही जुळते, आणि नव्या पेटीच्या मानाने फारच स्वस्त पडते. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने हा मोह टाळावा, असे कार्यालयात बसून सांगणे सोपे आहे, हे मी जाणतो.

तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये वाहनात परवानगीविना फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘पण पीयूसी मिळते ना!’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. पीयूसीत पेट्रोल गाडीचा वायू ती जागेवर उभी असताना मोजला जातो. भरल्या ओझ्याने चढावर ती काय सोडते, हे त्या कागदावर नसते. ते यात्रेत रथामागून चालणाऱ्यांच्या छातीत जाते.

शिवाय दिवा लागला म्हणजे संगणक गेला, असे नव्हे. पुष्कळदा दोष उंदराने कुरतडलेल्या तारेत, सैल अर्थिंगमध्ये किंवा एखाद्या सेन्सरमध्ये निघतो. यास्तव प्रथम स्टिअरिंगच्या आसपास, खालच्या बाजूस असलेल्या १६ पिनांच्या जोडणीस स्कॅनर लावून सांकेतिक क्रमांक लिहून घ्यावा. संगणकच गेला असेल, तर तो दुरुस्त होतो काय ते पाहावे. वापरलेला घ्यावयाचाच तर त्याच भाग-क्रमांकाचा घ्यावा, आणि चावी ओळखणारी चोरीप्रतिबंधक यंत्रणा असल्यास तिच्याशी त्याची जुळणी करून घ्यावी. अन्यथा गाडी सुरूच होणार नाही.

शाळेच्या सहलीसाठी वा ग्रामपंचायतीच्या कामासाठी गाडी ठरविताना चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, फलकाकडे पाहावे. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच न लागल्यास मालकास कारण विचारावे. अर्थात माझी ती मोटार या परीक्षेत उत्तीर्ण झाली असती! म्हणूनच आज एक स्कॅनर सोबत आणला आहे. संगणक कोणत्या मानकाचा आहे, हे तो बहुधा सांगतो. नोंदणीपत्रातील वर्षाशी ते ताडून पाहता येईल. आपल्या गाड्या बाहेर उभ्या आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे. येथे दंड कोणासही नाही. आरंभ माझ्याच गाडीपासून करू.