सारनाथचा खांब आणि ग्रीकांची वेटोळी

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू सारनाथच्या वस्तुसंग्रहालयात शिरतो तो बहुधा चार सिंहांच्या दर्शनासाठी. सुमारे सात फूट उंचीचे हे स्तंभशीर्ष १९०५ साली ओर्टेल यांच्या उत्खननात मिळाले आणि १९५० साली भारताची राजमुद्रा झाले. सारनाथलाच आणखी एक लहानसे शीर्ष निघाले होते. त्याच्या एका अंगावर घोडेस्वार दौडतो आहे, दुसऱ्या अंगावर हत्ती व माहूत आहेत. आणि दोन्ही टोकांना दगड गुंडाळलेल्या पोथीसारखा आत वळला आहे. ते मौर्यकाळातले की इसवी सनपूर्व पहिल्या शतकातले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण ती वेटोळी पाहिली की ग्रीसची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

ग्रीक देवळाची जात त्याच्या खांबावरून ओळखावी. डोरिक खांबाला तळखडा नाही. तो थेट जोत्यावर उभा राहतो. अंगावर बहुधा वीस उभ्या पन्हळी, माथ्यावर उशीसारखा साधा दगड आणि त्यावर चौकोनी पाट. अथेन्सच्या पार्थेनॉनभोवतीचे खांब या जातीचे. आयोनिक खांब सडपातळ. त्याला तळखडा आहे आणि माथ्यावर ती प्रसिद्ध वेटोळी. कॉरिंथियन खांब पानापानांनी नटलेला. थाटाची आवड असलेल्या रोमन लोकांना तोच अधिक भावला. तिघांची वेशभूषा निराळी, परंतु काम एकच: तुळईचा भार पेलणे.

सारनाथचा अशोकस्तंभ या कामातून मोकळा होता. त्याच्यावर छप्पर नव्हते. संघात फूट पाडणाऱ्यांना दिलेली राजाची ताकीद अंगावर घेऊन तो उघड्या आकाशाखाली उभा होता, आणि सिंहांच्या डोईवर भार होता तो केवळ एका दगडी चक्राचा. सिंहांखालची घंटा इराणातून आली, असे पुष्कळ पंडित म्हणतात. हे ऐकून कित्येकांच्या स्वाभिमानास ठेच लागते आणि ते तिला उलटे कमळ म्हणतात. नावाचा हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. पर्सेपोलिसला घंटा खांबाच्या पायाशी आहे, खांब तुकड्यांवर तुकडे रचून उभारलेला व पन्हळीदार आहे. येथे ती माथ्याशी गेली, आणि खांब झाला एकसंध, गुळगुळीत, आरशासारखा झिलईदार. उसने आणलेल्या भांड्यात काय शिजले, हे पाहावयास नको काय?

महाराष्ट्रात याची दुसरी बाजू दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांनी, दान दिल्याचे तेथील लेख सांगतात. पैसा यवनांचा होता, तरी वेटोळ्यांचा आग्रह त्यांनी धरलेला दिसत नाही. त्यांच्याही खांबांच्या पायाशी घट आहे, माथ्याशी घंटा आहे, आणि वर, शेजारच्या खांबांप्रमाणेच, गुडघे टेकून बसलेले हत्ती व त्यांवरचे स्वार.