नक्षी शाबूत, टायर म्हातारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितले, "इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढलीस, तिथल्या अनुभवांवर वीस मिनिटं बोल." परदेशातल्या अनुभवांवर बोलायला लागले की पाऊस, व्हिसा आणि कोथिंबिरीचा भाव यांपलीकडे बोलणे जात नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. गेल्या वर्षी तिचे चारही टायर बदलले. ते कसे निवडले, एवढेच आज सांगणार आहे. स्पोर्ट्स कार आपल्यापैकी फार थोड्यांकडे असेल, पण टायर सगळ्यांच्या गाड्यांना आहेत, आणि यातली मुख्य गोष्ट तुमच्या दारातल्या गाडीलाही लागू पडते.

गाडी आहे एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ती 1962 ते 1980 पर्यंत बनत होती. माझी गाडी 1972 ची. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. ऐकायला बरे वाटते, पण त्याचा अर्थ असा, की वर्षातून एकदा खाली वाकून टायर बघणारा तपासनीसही उरत नाही. बघायचे ते आपणच.

आता गंमत अशी, की माझ्या गाडीच्या टायरांची नक्षी उत्तम होती. खाचा खोल, कडा धारदार. शेजारी म्हणाले, "अजून निम्मे आयुष्य आहे." टायरच्या दुकानातला कामगारही तेच म्हणाला. त्यांचा दोष नाही. आपण सगळे टायर नक्षीवरूनच ओळखतो. खाचा 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की टायर बाद, हा मोटारींसाठीचा नियम तिकडेही आहे आणि आपल्याकडेही. पण रबराला झीज आणि वय असे दोन वेगवेगळे शत्रू आहेत. खाचांवरून झीज कळते, वय कळत नाही.

वय वाचायचे कसे, तर टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. आपल्याकडच्या काही टायरांवर ही अक्षरे नसतात, नुसते आकडे असतात. त्यातले शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील, तर तो टायर सन 2000 च्या आधीचा आहे. त्याच्यावर बसून कुठेही जाऊ नका. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू गाडीच्या आत असते. मग बॅटरी घेऊन खाली आडवे व्हायचे. आपल्या वयात हा व्यायामही चांगला.

रबर म्हातारे का होते? हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक होते, त्यात बारीक भेगा पडतात. हे लांबवण्यासाठी कारखान्यात रबरात काही रसायने आणि मेण मिसळतात. टायर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो, त्यात ते मेण पृष्ठभागावर येते आणि रबराचे रक्षण करते. म्हणजे उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण कमी मिळते. रविवारीच बाहेर पडणारी गाडी टायर झिजवत नाही, पण म्हातारे मात्र करते. जुन्या स्पोर्ट्स कारचे नेमके हेच होते. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर धाव, बाकी मुक्काम गॅरेजात. तिचे टायर झिजून कधीच संपत नाहीत, ते वयाने संपतात.

याची किंमत किती मोठी असू शकते ते सांगतो. 10 सप्टेंबर 2012 च्या रात्री आइल ऑफ वाइटवरच्या एका संगीत महोत्सवाहून तरुण मुलांना घेऊन एक बस लिव्हरपूलच्या दिशेने परत निघाली होती. सरे परगण्यात हाइंडहेडजवळ तिचा पुढचा टायर फुटला आणि बस रस्ता सोडून झाडावर आदळली. दोन प्रवासी आणि चालक असे तिघे गेले. त्या टायरचे वय होते एकोणीस वर्षांहून अधिक. काही प्रवाशांपेक्षाही तो टायर मोठा होता! आणि नक्षी? ती नियमात बसत होती. त्या वेळी कायद्यात टायरच्या वयाला मर्यादाच नव्हती. मृतांमध्ये मायकल मोलॉय हा 18 वर्षांचा मुलगा होता. त्याची आई, फ्रान्सिस मोलॉय, कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे झगडत राहिली. अखेर 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये लॉऱ्या आणि बसगाड्यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी आली. मोटारींना ही बंदी नाही. मोटारवाल्याने स्वतःच शहाणे व्हायचे आहे. मिशलॅन कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर, कितीही चांगला दिसला तरी, बदला. मी माझ्यापुरता हाच नियम ठरवला. टायर बारा वर्षांचे होते, म्हणून निघाले.

आता निवडीकडे येतो. पहिला प्रश्न मापाचा. माझ्या गाडीचे मूळ माप 165 एसआर 14. म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर, 'एस' म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंतचा वेग, 'आर' म्हणजे रेडियल, आणि रिम 14 इंची. आजच्या टायरवर रुंदीनंतर एक तिरकी रेघ आणि आणखी एक आकडा असतो. टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, ते तो सांगतो. जुन्या मापात तो आकडा नाही, कारण तेव्हा ही उंची साधारण 80 ते 82 टक्के गृहीतच धरलेली असे. म्हणून माझ्या गाडीचे आजच्या भाषेतले माप झाले 165/80 आर 14.

हे माप ऐकून इथल्या काही जणांनी माना वर केलेल्या दिसल्या. बरोबर ओळखलेत! आपल्या मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलना हेच माप येते. साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचा आणि आपल्या पोरांच्या स्विफ्टचा पाय एकाच मापाचा निघाला, याचा मला फार आनंद झाला.

पण बरेच जण जुन्या गाडीला रुंद टायर घालतात. दिसायला रुबाबदार दिसतो ना! इथे आपल्या गणिताच्या सरांची आठवण होते. हिशेब करा. 165 चे 80 टक्के 132, दोन्ही बाजूंचे मिळून 264, त्यात 14 इंच म्हणजे 356 मिलिमीटर मिळवले की चाकाचा व्यास 620. आता 185/70 घेतला तर तो 615 येतो. फरक एक टक्क्याहून कमी, चालण्यासारखा. 175/70 घेतला तर 601, म्हणजे तीन टक्के कमी. आणि 185/60 घेतला तर 578, जवळजवळ सात टक्के कमी. मग काटा 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी जेमतेम 56 ने धावत असते, इंजिन उगाच जास्त फिरते, आणि मुळातच बुटकी असलेली गाडी आणखी खाली बसते.

म्हणजे 185/70 हिशेबात बसतो. तरी मी तो घेतला नाही. एमजीबीच्या स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, गाडी उभी असताना रुंद टायर वळवणे म्हणजे जात्यावर दळण. मागचा रुंद टायर चाकावरच्या कमानीला घासण्याचाही संभव असतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या गाडीची सस्पेन्शन अरुंद टायर धरून आखलेली आहे. वळणावर असा टायर एकदम सुटत नाही. आधी थोडा घसरतो, चालकाला सांगतो, मग सुटतो. गाडीची सगळी मजा त्या सांगण्यात आहे. फार पकड असलेला रुंद टायर उशिरापर्यंत गप्प राहतो.

दुसरा प्रश्न रबराच्या जातीचा. दुकानदार हमखास सांगतो, "हा घ्या, ऐंशी हजार किलोमीटर जातो." ज्याची गाडी रोज कामावर जाते त्याने जरूर घ्यावा. माझी गाडी दहा वर्षांत तीस हजारसुद्धा जाणार नाही. जास्त टिकणारे रबर सहसा कडक असते, आणि उरलेले पन्नास हजार किलोमीटर मी टायरबरोबर भंगारातच टाकणार. मग टिकाऊपणासाठी पकड का सोडायची? म्हणून मी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जा पाहिला. तिकडे नव्या टायरच्या लेबलवर तो अक्षरांत छापलेला असतो. 'ए' सर्वांत चांगला. इंग्लंडच्या हवेत कोरड्या रस्त्याचा विचार करणे म्हणजे कोकणात जुलैमध्ये पापड वाळत घालणे.

मिशलॅन आणि पिरेली जुन्या गाड्यांसाठी त्या काळच्या नक्षीचे टायर आजही नव्याने बनवतात. ते सुंदर दिसतात आणि महागही असतात. प्रदर्शनात गाडी मांडणाऱ्याने ते घ्यावेत. मी साध्या घरगुती गाड्यांचे 165/80 घेतले, 'टी' वेगाचे, म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंतचे. एमजीबी कशीबशी 165-170 जाते, तेव्हा ते पुरेसे आहेत. तारांच्या आऱ्यांची चाके असल्यामुळे आत ट्यूब घातली, तीही नवी. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घेतले. बसवण्याआधी प्रत्येकावरची तारीख वाचली. त्यातला एक तीन वर्षे गोदामात पडलेला निघाला. तो नम्रपणे परत केला. नव्या टायरचे वय विकत घेतल्या दिवसापासून मोजायचे नसते, जन्मापासून मोजायचे असते.

पाचवा टायर राहिलाच. स्टेपनी! हा शब्द आपण मराठीच समजतो, पण तो वेल्समधल्या लानेल्ली गावचा आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीसाठी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, त्या रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. इंग्लंडमध्ये आज हा शब्द कुणाला कळत नाही, आपल्याकडे खेड्यातल्या पंक्चरवाल्यालाही कळतो. मात्र डिकीतली ही स्टेपनी आपण अनेकदा गाडीच्या जन्मापासून बघितलेलीही नसते. ती झिजत नाही म्हणून नवी वाटते. चार टायर दोनदा बदलून झालेले असतात आणि पाचवा मूळचाच असतो. नेमका तोच आपण भर रस्त्यात, घाईत, पोराबाळांना गाडीत बसवून लावतो.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण आता निवृत्त आहेत. गाडी पूर्वीसारखी रोज निघत नाही. सोसायटीत कव्हर घालून उभी असते, आणि एकदम लग्नकार्याला किंवा देवदर्शनाला चारशे किलोमीटर बाहेर पडते. म्हणजे तुमची सेडान आणि माझी एमजीबी, दोघींची राहणी आता सारखीच झाली आहे. त्यात आता रस्ते चांगले झाले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. त्याच्या तापलेल्या काँक्रीटवर सलग तासन् तास वेगात धावताना जुन्या टायरची खरी परीक्षा होते. हवा कमी असेल तर टायर आणखी तापतो. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचताच.

म्हणून एकच विनंती. आज जेवणानंतर गाडीत बसण्याआधी पाचही टायरांवरचे चार-चार आकडे वाचा आणि कागदावर लिहून घ्या. दहा वर्षे उलटली असतील तर टायर बदला, नक्षी कितीही देखणी असो. पाच उलटली असतील तर उद्याच कुणा जाणकाराला दाखवा. कुणाला वाकायला त्रास होत असेल तर मला हाक मारा. मी जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन मैदानातल्या पार्किंगमध्ये उभा आहे.