आजीच्या लुगड्यावरचा डाग

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप)

कोणी एसटीत असेल, कोणी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल, कोणी कांद्याला पाणी भरता भरता ऐकत असेल.

आज पाहुणा नाही. आज मी एकटीच बोलणार आहे, माझ्या आजीबद्दल. तिला विचारूनच बोलते आहे. ती म्हणाली, "सांग, पण माझं नाव घेऊ नगंस." म्हणून नाव नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठाराच्या बाजूला. बटाट्याचं गाव. आजीचं सगळं आयुष्य वाकून काम करण्यात गेलं. लग्नापासून अंगावर नऊवारी लुगडं. कंबरेला घट्ट गाठ, मागे काष्टा आणि कनवटीला चंची. परकर तिनं कधी घातलाच नाही. गाठ सैल असली तर काम कसं करायचं, असं ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी मी दिवाळीला घरी गेले होते. कपडे धुताना आजीच्या लुगड्यावर पिवळट तपकिरी डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "आगं, केळीच्या चिकाचा आसंल." दुसऱ्या दिवशी दुसरं लुगडं धुवायला घेतलं. डाग त्याच जागी, बरोबर कंबरेवर. केळीचा चिक रोज एकाच जागी कसा पडेल?

त्या रात्री मी दार लावलं आणि म्हणाले, "आजी, दाखव." ती भांडली, रागावली आणि शेवटी रडली. मग तिनं गाठ सोडली.

उजव्या कुशीवर, जिथं गाठ बसते तिथं, तळहाताएवढी कातडी काळी पडून जाड झाली होती. मधोमध लिंबाएवढी जखम. कडा उंच, उलट्या वळलेल्या, आणि वास. तो वास लपवायला ती रोज पावडर टाकत होती. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "गेल्या आखाडाच्या आधीपासनं." म्हणजे दीड वर्षाच्या आसपास.

बरं, या दीड वर्षात तिनं काहीच केलं नव्हतं असं नाही. आधी तिला वाटलं नायटा आहे, म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. मग हळद आणि खोबरेल. मग दगडी पाला वाटून लावला. एकदा दवाखान्यातही गेली होती, पण तिथं तिनं जखम दाखवलीच नाही. "कंबरेला खाज सुटती" एवढंच सांगितलं आणि आणखी एक ट्यूब घेऊन आली. पुरुष डॉक्टरसमोर लुगडं कसं सोडायचं? घरात मुलगा, सून, नातवंडं. पण सांगायचं कोणाला?

आता थोडं समजून घेऊ या.

कातडीला एकाच जागी वर्षानुवर्षं घासा बसला की ती काळी पडते, सोलते, फुटते. शरीर ती सांधतं, पुन्हा घासा बसतो, पुन्हा फुटते. पेशी सतत नव्या तयार होत राहतात, आणि क्वचित कधी त्यातल्या काही बिघडतात. जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर असा कॅन्सर झाला, तर डॉक्टर त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. मार्जोलिन हे १९व्या शतकातले फ्रेंच सर्जन.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. १९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध लिहिला होता. त्यात 'धोतर कॅन्सर'ची नोंद आहे. घट्ट नेसलेल्या धोतराच्या जागी, कंबरेवर झालेला कॅन्सर. काश्मीरमध्ये थंडीत लोक अंगाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्याचं मडकं, धरतात. तिथं पोटावर आणि मांडीवर असाच कॅन्सर दिसतो.

आणि अलीकडचं सांगते. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन बायकांची हकीकत छापली. एक ७० वर्षांची. परकराची नाडी घट्ट बांधायची सवय, आणि कुशीवरची जखम १८ महिने भरत नव्हती. दुसरी साठी उलटलेली. ४० वर्षं परकराशिवाय लुगडं नेसलेली. तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. ते वाचताना मला वाटलं, ही तर माझीच आजी.

घाबरू नका हं. लुगडं नेसणाऱ्या प्रत्येक बाईला हे होत नाही, हे फार क्वचित होतं. पण तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम कोणाचीही असो, ती दाखवायलाच हवी.

तर आम्ही आधी मंचरला आणि तिथून पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या बाई डॉक्टरांनी पडदा ओढला आणि आजीला म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलीसारखी आहे मी." आजी मुकाट्यानं आडवी झाली. मग तुकडा तपासायला पाठवला.

घरात इथंच मोठी भांडणं झाली. काका म्हणाले, "तुकडा काढला की कॅन्सर भडकतो. सुरी लावली की माणूस गेलं." हे तुम्हीही ऐकलं असेल. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. तुकडा काढल्यामुळे तो पसरत नाही. उशीर केला की पसरतो. ज्यांची शस्त्रक्रिया उशिरा झाली ते वाचले नाहीत, आणि लोकांच्या लक्षात राहिली फक्त सुरी.

रिपोर्ट आला. कॅन्सर. आजीला सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. मी सांगितलं. तिनं विचारलं, "काढत्यात का?" म्हटलं, हो. म्हणाली, "मंग काढून टाका. कांदं निगायच्या आत घरी आलं पायजेल."

पैशाचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन, योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटायचं. भरती होण्याआधी भेटा, नंतर धावपळ होते.

ऑपरेशनमध्ये फक्त जखम काढत नाहीत. चारही बाजूंनी बोटभर चांगली दिसणारी कातडीही काढतात. मग तो तुकडा तपासायला जातो, कडेला कॅन्सर उरलाय का ते बघायला. आजीचा रिपोर्ट 'कडा स्वच्छ' असा आला. त्या दिवशी काकांनी वॉर्डभर पेढे वाटले. एवढा मोठा खड्डा टाके घालून मिटत नाही, म्हणून मांडीवरची पातळ कातडी सोलून तिथं बसवली.

आता जे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते सांगते.

पहिलं. कॅन्सर काढला तिथं आजीला फारसं दुखलं नाही, मांडी मात्र आग आग झाली. ढोपर खरचटल्यावर कसं चुरचुरतं, तसं वीतभर जागेवर. दोन आठवडे. मांडीवरची जाळी चिकटून बसली होती. मी शहाणपणा करून एक कोपरा ओढला. रक्त आलं आणि आजी ओरडली. सिस्टर म्हणाल्या, ती ओढायची नसते, खालची कातडी भरली की ती आपोआप सुटते. तेव्हा तुम्ही ओढू नका.

दुसरं. पाचव्या दिवशी कंबरेची पट्टी पहिल्यांदा उघडली. मला वाटलं होतं, आता छान दिसेल. दिसलं काय, तर जांभळट, ओलसर आणि खोलगट. मी बाहेर जाऊन रडले. डॉक्टर मात्र खूश होते! म्हणाले, कातडी धरली आहे. बरं होणं सुरुवातीला असंच दिसतं. काळजी कधी करायची? ताप आला, पू आला, वास सुटला किंवा कातडी काळी पडून सुटायला लागली, तर लगेच जायचं.

तिसरं, संडास. खाली बसलं की कुशीवर ताण येतो. आम्ही कमोडची खुर्ची आणली. छोटी गोष्ट वाटते, पण तिच्यावाचून घरी नेऊच नका.

चौथं, खाज. जखम भरायला लागली की भयंकर खाज येते. आजी झोपेत खाजवायची, म्हणून रात्री तिच्या हातात सुती मोजे घालायचो. पूर्ण भरल्यावर खोबरेल तेल हलक्या हातानं. त्या जागी तिला आजही कळत नाही. मुंगी चालली तरी समजत नाही, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी तिथं बंद.

पुण्यात ड्रेसिंगच्या रांगेत दोघं भेटले, त्यांचंही सांगते.

जुन्नरकडचे एक काका होते. टाचेवर काळा डाग. ते त्याला कुरूप समजले आणि ब्लेडनं स्वतःच तासत राहिले. तो मेलानोमा निघाला. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा कॅन्सर बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली होतो, जिथं कोणी बघतच नाही. गायक बॉब मार्लेला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यावर तोच निघाला होता आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो गेला. या काकांची टाचेची कातडी काढली, जांघेतली गाठही तपासली. ते म्हणाले, "पाय वाचला, पण बांधावर अनवाणी चालणं गेलं. मातीचा गारवा आठवतो."

दुसऱ्या नारायणगावच्या काकू. नाकाशेजारी मोत्यासारखी चमकणारी पुटकुळी. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची, अशी तीन वर्षं. हा कॅन्सर सावकाश वाढतो आणि शरीरात क्वचितच पसरतो, पण जागेवर खात जातो. त्यांना फक्त तेवढ्या भागापुरती भूल दिली आणि शेजारची कातडी सरकवून टाके घातले. काकूंना एकच चिंता होती, मुलीच्या लग्नात फोटोत कशी दिसेन? सहा महिन्यांनी त्यांनी मला लग्नाचा फोटो पाठवला. खूण शोधावी लागते.

आजीचं मात्र एवढं सोपं नव्हतं. जखम भरली, पण लुगडं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्या जागी गाठ नको, घासा नको. घरात मॅक्सी घालायला लागली. आणि तिनं बाहेर जाणंच सोडलं. कीर्तन नाही, लग्न नाही, शेजारीही नाही. "लुगड्याबिगर आंगणात कशी जाऊ?" आम्ही म्हणायचो, आजी, जीव वाचला ना! ती काही बोलायची नाही. कॅन्सरनं तिचं काय नेलं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मार्ग आईनं काढला. सैल परकर शिवला, नाडीऐवजी चार बोटं रुंद मऊ पट्टा, आणि पट्टा बसायचा तो व्रणाच्या बराच खाली. डॉक्टरांना दाखवून घेतला. त्यावर सैल पाचवारी. आई म्हणाली, "आत्या, यात्रेपुरती नेसून तर बघा." चैत्रातल्या यात्रेला आजी पाचवारी नेसून देवळापर्यंत गेली. दोन बायकांनी विचारलं, लुगडं का नाही? माझ्या आजीनं देवळाच्या पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. जी बाई दीड वर्ष सुनेला बोलली नव्हती, ती! त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन आईला स्वतःची कंबर दाखवली. नुसती काळी पडली होती, जखम नव्हती. तिनं गाठ सैल केली आणि मंचरला दाखवूनही आली.

म्हणून आज हा भाग.

आजी दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. डॉक्टर व्रण बघतात, जांघेत गाठ आहे का चाचपतात. आजपर्यंत सगळं ठीक आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. या रविवारी घरी असाल तर आजीला, आईला कंबरेबद्दल विचारा. एकांतात आणि न हसता. आजोबांचे तळपाय धुवून बघा. नखं बघा. कोणाला जुनं भाजलेलं असेल, तर त्या व्रणावर नवीन जखम आहे का बघा. न भरणारी जखम, उंच कडा, हात लागताच रक्त, वास, वाढत जाणारा काळा डाग. यातलं काहीही असेल तर ट्यूब नको, डॉक्टर. आणि तिथं कपडा बाजूला करून दाखवायचं, नुसतं सांगायचं नाही. बाई लाजत असेल तर बाई डॉक्टर मागा, सोबत आत जा.

आजी इथं शेजारीच बसली आहे. विचारते आहे, "झालं का तुझं बोलून? च्या गार झाला."

झालं गं आजी. मंडळी, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.