फोटोतला उजेड आपल्या हातात

 

आज फोटोच्या उजेडाबद्दल बोलू. डोहाळजेवण, बारसं, हळद, संक्रांतीचं हळदीकुंकू, अशा बायांच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचं काम आमच्या ग्रामसंघातल्या काही जणी करू लागल्या आहेत. मागणी चांगली आहे. बायाच बाया बसलेल्या असल्या की गप्पा मोकळ्या होतात. त्यात कॅमेरा घेऊन एखादा अनोळखी पोरगा उभा राहिला की सगळ्या पदर सावरून गप्प.

ही गरज आजची नाही. आपला जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये फक्त बायांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तो सांभाळायला केनी-लेव्हिक नावाच्या बाई होत्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या उमेदीच्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा. एक फोटो झाला की जळालेला बल्ब काढायचा, नवा बसवायचा. म्हणजे एकेका उजेडाचा हिशोब ठेवूनच बटण दाबावं लागे.

आता कॅमेराच ठरवतो किती उजेड टाकायचा. आणि गोम तिथेच आहे.

आमच्या गटात एक आजी आहेत. आधारकार्ड सोडलं तर त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. हळदीकुंकवाला पहिल्यांदा काढला, तर चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा पांढरा, मागे भिंतीवर काळीभोर सावली. आजी म्हणाल्या, "ही कोण?" काही जणींना वाटलं, बरंय की, गोऱ्या दिसताय. आम्हाला ते पटत नाही. सावळ्या बाईचा फोटो सावळाच आला पाहिजे, आणि चांगला आला पाहिजे.

असं का होतं ते बघा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडतो तो बारका फ्लॅश भिंगाच्या अगदी वर असतो. उजेड समोरून सपाट पडतो, नाकाडोळ्यांचा उठाव जातो. तो ऑटोवर असला की खऱ्या फोटोच्या आधी एक बारीक चमक टाकतो. ती परत किती येते हे मोजून कॅमेरा खरा उजेड ठरवतो. समोर पितळी समई किंवा जरीचा काठ चमकला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग चेहरे काळे. मागे अंधारी ओसरी असली की वाटतं उजेड कमी आहे, मग चेहरे पांढरे. कॅमेऱ्याला आजी कळत नाहीत, सरासरी कळते.

पहिला उपाय फुकटचा आहे. कॅमेऱ्यात फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सोय असते. विजेचं चिन्ह आणि शेजारी अधिक-उणे. ते उणे एकवर आणा. उजेड निम्मा होतो.

दुसरं, अंतर. बारक्या फ्लॅशची ताकद साधारण बारा धरा. या आकड्याला अॅपर्चरने भागायचं. आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ ४ असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीन मीटर. त्याच्या पुढची बाई अंधारात. आयएसओ ४०० केला तर सहा मीटर. आणि अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून पंगतीतली पहिली जण पांढरी आणि शेवटची दिसतच नाही. तो दोष कुणाच्या रंगाचा नाही.

आता मुख्य गोष्ट. चेहऱ्यावरचा उजेड बाजूने यायला हवा. त्यासाठी स्टँडवरचा मोठा फ्लॅश, ज्याला स्टुडिओवाले स्ट्रोब म्हणतात, पांढऱ्या छत्रीसह तिरका लावायचा. तालुक्याच्या गावी एखादा जुना स्टुडिओ बंद होताना असे लाईट स्वस्तात निघतात. पण कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावर तो लांबचा लाईट नेमका त्याच क्षणी पेटणार कसा?

बहुतेक स्ट्रोबच्या मागे एक बारका डोळा असतो. त्याला स्लेव्ह म्हणतात. दुसऱ्या फ्लॅशची चमक दिसली की तो आपला लाईट पेटवतो. म्हणजे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने फक्त खूण करायची, काम मोठ्याने करायचं. चार भिंतींच्या खोलीत हे छान चालतं, कारण चमक भिंतींवरून फिरून डोळ्यापर्यंत पोचते.

पण इथे अनेक जणी अडतात. लाईट पेटलेला डोळ्यांना दिसतो आणि फोटो मात्र काळा! मग लाईट खराब म्हणून परत करायला निघतात. लाईट चांगला असतो. ऑटोवरच्या फ्लॅशची ती आधीची बारीक चमक आठवा. स्ट्रोब त्या पहिल्या चमकेलाच पेटून मोकळा होतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामा असतो. लाल डोळे टाळायची सोय चालू असेल तरीही हाच घोटाळा होतो.

उपाय, कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फ्लॅश मॅन्युअल करायचा. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय आहे, कॅननच्या ६००डी, ७००डी मध्ये आहे. ताकद १/३२ किंवा त्याहून कमी ठेवायची. मग एकच चमक निघते, खूण होण्यापुरती, आणि तोंडावर पडत नाही. कॅमेऱ्यात मॅन्युअल नसेल तर लाईटवर एस-वन आणि एस-टू अशा दोन सोयी आहेत का बघा. एस-टूवर लाईट पहिली चमक सोडून देतो.

शटर १/२०० पेक्षा जलद ठेवू नका. त्याहून जलद ठेवलं तर शटरचा पडदा चमकेच्या आड येतो आणि फोटोच्या कडेला काळा पट्टा दिसतो. शटरने स्ट्रोबचा उजेड बदलत नाही, फक्त खोलीतला बल्ब-खिडकीचा उजेड कमी-जास्त होतो. चेहरा सांभाळायचा तो अॅपर्चर आणि लाईटच्या ताकदीने. सुरुवातीला एफ ५.६, आयएसओ २००, लाईट पाव ताकदीवर आणि बाईपासून दीडेक मीटरवर. एक फोटो काढा, तळहात समोर धरून रंग ताडून बघा, मग बदला.

उन्हातल्या मांडवात तो डोळा चमक ओळखत नाही. शिवाय दुसरा फोटोवाला आला तर त्याच्या प्रत्येक फ्लॅशला आपला लाईट पेटतो, आणि आपली वेळ येते तेव्हा तो भरलेला नसतो. तिथे रेडिओ ट्रिगर हवा. एक डबी कॅमेऱ्यावर, दुसरी लाईटला, मध्ये वायर नाही. गटातून अंतर्गत कर्ज काढून आधी काय घ्यावं असं विचाराल, तर दुसऱ्या भिंगाआधी हा ट्रिगर.

कॅमेरा विकत घेताना मात्र डोक्यावरची पट्टी नीट बघा. कॅननच्या ३०००डी, २००डी मार्क टू अशा काही मॉडेलांत मधली पिनच नाही. तिथे साधा ट्रिगर चालत नाही. हे दुकानात बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

जुन्या फ्लॅशबाबत आणखी एक. काहींच्या पिनवर दोनशे व्होल्टच्या वर दाब येतो, त्याने कॅमेरा जळू शकतो. जुना फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर बसवू नका, वायरनेही जोडू नका. आणि बंद पडलेला स्ट्रोब घरी उघडायचा नाही. प्लग काढला तरी आत वीज साठलेली राहते, जिवावर बेतेल असा झटका बसतो.

छत्री नसेल तर पांढरं धोतर ताणून लाईटसमोर धरता येतं. लोणच्याच्या बरण्या आणि पापडाच्या चकाकत्या पाकिटांचे फोटो असेच काढा, पाकिटावर पांढरा डाग येत नाही. पण जुन्या स्ट्रोबमध्ये मधला बल्ब सतत जळतो आणि फार तापतो. कापड हातभर लांब ठेवा.

बारशाला लाईट पाळण्याकडे रोखू नका. पांढऱ्या भिंतीकडे वळवा, भिंतीवरून येणारा मऊ उजेड पुरतो. लेकराच्या आईला आधी विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर खिडकीच्या उजेडात काढायचं.

कार्यक्रमाच्या घरी तासभर आधी पोचा. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का ते विचारा. वायर दाराच्या मधून टाकू नका, पोरं धावतात. कडेने नेऊन चिकटपट्टी लावा. स्टँडच्या पायावर वाळूची नाहीतर ज्वारीची पिशवी ठेवा. पंखा लागला की छत्री शिडासारखी फुगते आणि लाईट थेट पंगतीत येतो.