झरोके

(मेळाव्याच्या पहिल्या दिवशी शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘वीज वाचवणारं निरोगी घर’ असा विषय संयोजकांनी मला दिलाय. मी तीस वर्षं इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करतो, म्हणून दिला असावा. पण सुरुवात घरापासून न करता आपल्या शाळेपासून करतो. सकाळी आपण सगळे आठवी ‘ब’च्या वर्गात जाऊन आलो. आपापले बाक शोधले, फोटो काढले. वर कुणी पाहिलं का? भिंतीत छताला लागून तीन झरोके होते. दोरी ओढली की झडप उघडायची. त्यात चिमण्यांची घरटी असायची आणि भूगोलाच्या तासाला काड्या बाईंच्या टेबलावर पडायच्या. ते झरोके आता प्लायवूड ठोकून बंद केलेत.

त्या झरोक्यांचं काम काय होतं, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिला वरून वाट मिळाली की खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. वीज लागत नाही. समोरासमोर खिडक्या असतील तर वारा उरलेलं काम करतो. कळलं, पण स्वतःच्या घरात वापरलं नाही. आज तेच सांगणार आहे.

दहा वर्षांपूर्वी पुण्यात सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सगळे करतात तेच केलं. बाल्कनी काचा लावून आत घेतली, सरकत्या खिडक्या बसवल्या, तिन्ही बेडरूममध्ये एसी लावले. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून फटी सिलिकॉननं बुजवल्या. त्यालाच मी वीजबचत समजत होतो. वडील गेल्यावर आईला गावाहून घेऊन आलो. ती नातीच्या खोलीत झोपायची. पहिल्या पावसाळ्यात तिचा खोकला वाढला. दिवाळीपर्यंत जिना सोडाच, स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत यायला तिला थांबावं लागायचं. नात सकाळी उठायची ती डोकं दुखतंय म्हणत. आम्ही मोबाइलला दोष दिला.

छातीच्या डॉक्टरबाईंनी तपासून आईला दोनच प्रश्न विचारले. पहिला, ‘आजी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?’ आई म्हणाली, ‘पंचवीस.’ दुसरा प्रश्न मला होता. ‘त्या झोपतात ती खोली रात्री कुठून श्वास घेते?’ मी गप्प. दुसऱ्यांच्या ऑफिसात माणशी किती हवा लागते याचा हिशेब करून बिल लावणारा माणूस गप्प.

इथे जरा थांबतो, कारण आपल्या वयाची माणसं भेटली की जुन्या घराचं फार कौतुक सुरू होतं. आमचंही कृष्णाकाठचं घर तसंच होतं. जाड भिंती, कौलं, मधे चौक, मे महिन्यात दुपारी पंख्याशिवाय झोप लागायची. पण वारा सगळ्या घरात खेळायचा आणि स्वयंपाकघरात पोचायचा नाही. ती खोली सर्वांत आतली, अंधारी, एक हातभर खिडकी, धुराडं नाही. भिंती काळ्या. आई फुंकणी घेऊन तिथेच. आम्ही जेवायला बाहेर ओसरीवर. घरातल्या धुरानं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो मी वाचला तेव्हा मला ती फुंकणी आठवली. तेव्हा जुनं ते चांगलं, असं म्हणायला मी इथे उभा नाही. आईची फुप्फुसं जुन्या घरानं निम्मी खाल्ली होती. उरलेल्यांवर माझ्या नव्या घरानं हात चालवला.

मग कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणून त्या खोलीत ठेवलं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग. म्युनिकच्या पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञानं १८५८ साली सांगून ठेवलंय की खोलीत तो हजाराच्या वर गेला की हवा शिळी झाली समजा. सकाळी सहाला आमचं यंत्र दाखवत होतं २६००. यात नवल नाही. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन माणसं, आठ तास, ३२ घनमीटरची खोली. एकही फट नसती तर आकडा सहा हजारांच्या पुढे गेला असता. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. हा वायू त्या प्रमाणात विष नव्हे. पण तो साठतोय म्हणजे त्याच्याबरोबर दमटपणा, नव्या फर्निचरच्या प्लायवूडचा फॉर्मल्डिहाइड, डासांच्या अगरबत्तीचा धूर, सगळं साठतंय. डास मारायच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३च्या एका अभ्यासात आढळलं होतं. आम्ही ती आईच्या पलंगाखाली लावत होतो.

शेवटी कपाट हलवलं. मागे पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत काळ्या बुरशीनं भरलेली. बाहेरच्या गिलाव्याला तडा, त्यातून ओल, आणि भिंतीला चिकटवलेलं कपाट. आई तिथून चार फुटांवर झोपत होती. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही.

ही चूक माझ्या आधी अख्ख्या धंद्यानं केली आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इंधन वाचवायला इमारतींत घ्यायची ताजी हवा माणशी मिनिटाला १५ घनफुटांवरून ५ पर्यंत खाली आणली. लोक डोकं दुखतंय, डोळे चुरचुरतात म्हणू लागले. १९८९मध्ये पुन्हा १५ करावी लागली. उलट जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ साली पहिलं ‘पासिव्ह हाउस’ उभं राहिलं. तेही जवळजवळ हवाबंद. पण त्यात सतत मंद चालणारी हवेची यंत्रणा आहे. ती बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून घेते आणि आत येणाऱ्या ताज्या हवेला देते. त्यांनी घराचं तोंड मिटलं, पण नाक उघडं ठेवलं. आपण फक्त मिटणं तेवढं उचललं.

आपल्या हवेत एवढ्या यंत्राची बहुतेक घरांना गरज नाही. मी काय केलं ते सांगतो. आधी तडा बुजवला, भिंत वाळू दिली, कपाट चार बोटं पुढे घेतलं. सरकती खिडकी काढली, कारण ती कशीही सरकवा, निम्मीच उघडते. चार बाय चारच्या खिडकीतून आठच चौरस फूट. ‘इको निवास संहिता’ नावाचे केंद्र सरकारचे २०१८चे नियम आहेत. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घराच्या चटई क्षेत्राच्या एक षष्ठांश जागा उघडणारी हवी असं ते सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीला त्या हिशेबानं वीस चौरस फूट! जुन्यासारखी दोन दारांची, पूर्ण उघडणारी खिडकी लावली, तिला जाळी बसवली आणि कॉइल बंद झाली. खोलीच्या दारावर झरोका पाडला. सुतार म्हणाला, ‘साहेब, हे आता कुणी करत नाही.’ स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारे पंखे लावले. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तेव्हा गॅस पेटला की पंखा चालू.

आणि विजेचं काय? ती उन्हाला बाहेरच अडवून वाचली. पडदा आतून लावला की ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं. म्हणून पश्चिमेला काचेच्या बाहेर बांबूची चिक सोडली. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला. सोसायटीच्या सभेत त्यासाठी तीनदा भांडलो, ती वेगळी कथा आहे. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद, रात्री आठनंतर सगळ्या उघड्या. थंडीत उलट, कारण तेव्हा पहाटे कचऱ्याचा धूर खाली बसलेला असतो. तेव्हा दुपारी उघडायच्या. पंखे बदलले, ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचे. एसी आहे, पण मे महिन्यात थोडा वेळ, २६ वर, पंख्याबरोबर आणि खिडकी बोटभर उघडी ठेवून. थोडी वीज वाया जाते. जाऊ दे. तरी त्या मे महिन्याचं बिल आधीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी आलं आणि सकाळचा आकडा आठशेच्या आत.

आईचा खोकला केवळ खिडकीनं गेला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचा पंप चालू होता, आणि पंचवीस वर्षांचा धूर कुठे जात नाही. पण शेवटची तीन वर्षं ती त्याच खोलीत खिडकीशी बसून भाजी निवडायची आणि हॉलपर्यंत न थांबता यायची.

आता हे सगळं का सांगितलं ते. आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी गोळा केलाय. उद्याच्या बैठकीत दोन वर्गांना एसी बसवायचा आणि खिडक्या काचेनं बंद करायचा ठराव आहे. ठरावावर माझीही सही आहे. काल रात्री मी हिशेब करायला बसलो. एका वर्गात पन्नास मुलं, जागी, वळवळणारी. खिडक्या बंद केल्या तर तासाभरात तिथला आकडा चार हजारांवर जाईल. त्यानंतर गणिताचा तास. मी सही मागे घेतोय. त्याच पैशात सहाही वर्गांचे झरोके उघडतील, त्यांना जाळ्या बसतील, पत्र्यावर पांढरा रंग होईल, नवे पंखे येतील. पैसे उरले आणि उकाडा तरीही असह्य वाटला, तर एसीचं बोलू.

मुख्याध्यापक सरांची परवानगी घेतली आहे. उद्या सकाळी आठ वाजता आठवी ‘ब’मधलं पहिलं प्लायवूड काढायचं आहे. शिपाईमामा शिडी देतायत, दोरी आणि कप्पी मी आणली आहे. शिडी धरायला दोघं जण लागतील.