बाबासाहेबांचं परराष्ट्र धोरण कुणी गिळलं?

(पुण्यातल्या युवक मेळाव्यातील भाषण)



मी गोदीत माल उतरवतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. परराष्ट्र धोरणावर बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेत दोघं हसले. हसा. कुठं लढाई पेटली, जहाज का आलं नाही, आमची पाळी का बुडाली, हे आम्हाला पेपरवाल्यांच्या आधी कळतं.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. का सोडलं? शाळेतलं पोरगंही सांगेल, हिंदू कोड बिल. खरंय. पण तेवढंच? १० ऑक्टोबरला ते संसदेत निवेदन करायला गेले. आधी प्रत दाखवा म्हणाले. बाबासाहेब सभागृह सोडून बाहेर पडले. त्या निवेदनात परराष्ट्र धोरण हे राजीनाम्याचं एक स्वतंत्र कारण आहे. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण चार वर्षांत आपल्याला मित्र उरला नाही, असा त्यांचा हिशोब. काश्मीरबद्दल म्हणणं असं, की हिंदू-बौद्ध भाग भारताकडे, मुस्लिम भाग पाकिस्तानकडे. नाहीतर तीन भाग करा नि सार्वमत फक्त खोऱ्यात घ्या. मला सगळं पटतं असं नाही. पण एवढा विचार करणाऱ्याला मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र समितीवर घेतलंच नव्हतं, हेही त्यातच लिहिलंय.

आणि पेपरांची जात त्यांनी तिथंच ओळखून ठेवलीय. रिकामी जागा दिसली की हे आपल्या लाडक्यांना शोभेल ते कारण भरतात. म्हणून तर स्वतःच लिहून टाकलं, आजारपणामुळे मी जात नाही!

तीन महिन्यांत निवडणूक. मुंबई उत्तर. काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. हरण्याची कारणं पुष्कळ, त्यात आज शिरत नाही.

आता ऑगस्ट २०१९ बघा. ३७० गेलं आणि बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना सुनावलं म्हणे, असं एक वाक्य टीव्हीवर, पेपरात फिरायला लागलं. त्यांच्या छापील लेखन-भाषणांत मला ते सापडलं नाही. सार्वमताची गोष्ट सांगणारं छापील निवेदन मात्र किती जणांनी दाखवलं? म्हणजे जिवंतपणी बोलला ते गिळायचं, आणि मेल्यावर आपलं त्याच्या तोंडात घालायचं. च्यायला, पत्रकारिता म्हणतात हिला.

आमच्या वस्तीतला एक उमेदवार परवाच्या निवडणुकीत पॅलेस्टाइनवर अर्धा तास बोलला. जहाजं, तेल, रॉकेल, गॅस, सगळं जोडून. बायाबापड्यांना कळलं. पेपरात दोन ओळी : दलित उमेदवाराची सभा, आरक्षणावर घोषणा. आरक्षणाचा शब्द कुणी काढला नव्हता. आमच्या माणसाला जगाबद्दल मत असतं, हेच ह्यांच्या पचनी पडत नाही.

निवेदन सरकारी खंडात आहे, खंड १४, भाग दुसरा. इंग्रजी आहे, जड जातं. आम्ही तिघं पाळी सुटल्यावर शब्दकोश घेऊन बसतो, एका पानाला आठवडा लागतो. मराठीत उतरवून याच अंकांतून छापायचंय. पुण्यात बसायला कोण तयार आहे? हात वर करा. हसणारे दोघं आधी.